जुळी कालवड

आमच्या गाईला जुळं झालं त्या वर्षी मी दहावीत होते. आधी गोऱ्हा आला आणि त्याच्या मागून कालवड. दोन्ही वासरं लाल कंधारी, म्हणजे कपाळापासून शेपटीपर्यंत एकाच गडद लाल रंगाची. गल्लीतली माणसं बघायला आली. मायनं गाईला गुळाचं पाणी पाजलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन्ही वासरं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाले, "गोऱ्हा कामाचा हाय. कालवड फळायची न्हाई."

"कावून?" मी विचारलं.

"गोऱ्ह्यासंगं जलमलेली कालवड गाभण राहत न्हाई. माझ्या आज्यापासून बगत आलोय आमी."

मी आणि माझा भाऊ तिथंच शेजारी शेजारी उभे होतो. आम्हीही जुळेच. आधी तो आणि मग मी. आबांच्या ते ध्यानातही आलं नाही, ते गाईची पडलेली वार पुरायला निघून गेले. मायच्या मात्र आलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि घाईनं गुळाच्या तांब्याकडं नजर वळवली.

संशयी तर मी आधीपासूनच होते. दुकानदारानं तराजूला बोट लावलं का, भावाच्या ताटात तूप जास्त पडलं का, यावर माझं लक्ष असायचं. पण तो संशय दुसऱ्यांवरचा होता. मायच्या त्या नजरेनंतर मी पहिल्यांदा स्वतःकडं संशयानं बघू लागले, आणि ती खोड फार वाईट. दुसऱ्यावर पाळत ठेवून माणूस थकतं तरी, स्वतःवर ठेवून थकत नाही.

गुरांत राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. गोऱ्हे चालायला लागले की कपाळाला कपाळ लावून ढुसण्या देतात, एकमेकांवर उड्या घेतात. कालवडी आईच्या मागं राहतात. त्यांची एखादी ठरलेली मैत्रीण असते, तिची मान चाटायची, पाण्यावर तिच्याच शेजारी उभं राहायचं. मोठ्या गाईंत कोणी पुढं चालायचं आणि कोणी मागं, हे एकदा ठरलं की रोज त्यावरून भांडण होत नाही. वळू एकटा चरतो. वास आला की मान वर करून वरचा ओठ मुडपतो, खुरानं माती उकरतो, डुरकतो.

आमची जुळी कालवड हे सगळं वळूचं करायची. वर्षभरात तिचं वशिंड भावापेक्षा मोठं दिसू लागलं. तिला मैत्रीण नव्हती. गाय माजावर आली की सगळ्यांत आधी तिला कळायचं आणि ती दावं तोडून त्या गाईवर उडायची. तिचा भाऊ मात्र गरीब गाय. कोणीही यावं, त्याच्या पाठीवर पोतं टाकावं.

आमच्या घरीही उलटंच होतं. भाऊ हळवा, कोंबडी कापताना घराबाहेर पळणारा. मी चिंचेवर चढायचे, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायचे, शाळेत एकाचं डोकं फोडून आले होते. माय हसून म्हणायची, "ह्यांची पोटातच अदलाबदल झाली." आधी त्यात लाड होता. कालवड मोठी होऊ लागली तशी माय ते वाक्य बोलायची बंद झाली. बोलायची तेव्हा वाईट वाटत नव्हतं, बंद केलं तेव्हा वाटलं.

कालवड काही माजावर येईना, तेव्हा आबांनी गुरांचा डॉक्टर बोलावला. त्यांनी हातमोजा घालून तपासलं आणि मान हलवली. मग त्यांनी समजावून सांगितलं. गाईच्या पोटात जुळं असलं की दोघांच्या वारा जोडल्या जातात आणि रक्त एकमेकांत जातं. गोऱ्ह्याच्या रक्तातून जे यायचं ते कालवडीत येतं. तिची पिशवी वाढायची थांबते, आणि मेंदूसुद्धा नराच्या वळणाला लागतो. म्हणून ती अशी वागते, तिच्या अंगात काही शिरलेलं नाही.

"माणसांत?" मी विचारलं. आबा माझ्याकडं बघू लागले. पोरीच्या जातीनं असलं विचारायचं नसतं.

"माणसांत सहसा असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "रक्त मिसळत नाही."

झालं. बाकीचं सगळं मी विसरले आणि 'सहसा' घेऊन बसले. हा शब्द माणूस कधी वापरतं? आत कुठंतरी पाल चुकचुकत असली तरच. शिवाय हात धुताना ते भावाकडं आणि माझ्याकडं बघून हसले होते. ते हसणं धीराचं होतं की कीव केल्याचं, याचा निकाल मी कितीतरी दिवस लावत होते. आणि समजा, पिशवीचं सोडा. मेंदूचं काय? ही शिट्टी, हा राग, हे सगळ्यांवर डोळे वटारणं माझं स्वतःचं होतं की भावाकडून पोटातच आलेलं? मला त्याचा राग यायचा. तो बिचारा अंगणात बसून मायला लसूण सोलू लागायचा.

केजच्या कॉलेजला जायला लागले तेव्हा स्थळ आलं. नांदूरघाटच्या पलीकडच्या गावातलं, बागायतदार घर. सासरे पूर्वी सरपंच होते. बघायला माणसं बरीच आली होती, पण त्यातल्या दोन बायका महत्त्वाच्या. एक मुलाची आई, शांत, कानाची पाळी चोळत सगळ्यांचं ऐकणारी. दुसरी मुलाची आत्या, सासऱ्यांची थोरली बहीण. विधवा झाल्यावर ती माहेरीच राहायला आली होती आणि त्या घरात तिच्या शब्दापुढं सरपंचाचंही काही चालत नव्हतं.

मुलगी बघून झाली की आमच्याकडं गोठा बघतात. गोठ्यात आमच्या कालवडीनं नेमका तोच मुहूर्त धरला. सगळ्या पाहुण्यांसमोर ती शेजारच्या गाईवर उडाली.

"हे काय वो?" आत्या म्हणाल्या. "कालवड हाय का गोऱ्हा?"

"जुळी हाय ती," माझा भाऊ हसत म्हणाला. "आमच्यासारखीच. हे आमी दोघं बी जुळंच."

कोणीच हसलं नाही. आत्यांनी हातातला चहा अर्धा ठेवून दिला. मुलाच्या आईचा हात कानावरून खाली आला आणि ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मी तिच्या नजरेला नजर दिली. पाहुण्यांपुढं खाली बघायचं असतं हे मला तेव्हा आठवलंच नाही.

चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आले. ते मायचे चुलतभाऊ. म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण घाई न्हाई म्हणत्यात. ती जुळी कालवड गाभण राहिली का इचारत्यात. दिवाळीपातूर बगू म्हणत्यात."

"कोण म्हणतं?" आबांनी विचारलं.

"पोराची आई."

म्हणजे देवापुढं कौल लावावा तशी माझ्या पोटासाठी एक कालवड लावली गेली. गुरं राखणाऱ्या माणसांचं डोकं असं चालतं. गुरांबद्दल जे खरं आहे ते माणसांत का खरं नसावं, असा त्यांचा हिशोब. त्यांना हसणं सोपं आहे. पण मी स्वतः गुपचूप तोच हिशोब करत होते. आणि आम्हाला माहीत होतं की ती गाभण राहणार नाही. मी त्या शांत बाईचा मनापासून तिरस्कार करू लागले. आत्या तोंडावर बोलून मोकळी झाली होती. हिनं मात्र गोड आवाजात फास आवळला, असं मला वाटलं.

दिवाळीच्या आधी एकदा मी कॉलेजातून घरी आले आणि दप्तर टाकून गोठ्यात गेले. कालवड जागेवर होती. तसाच गडद लाल रंग, तशीच शिंगं, गळ्यात तिचंच दावं. पण ती शांत उभी राहून रवंथ करत होती. मी जवळ गेले तर डुरकली नाही. शेजारच्या गाईनं मान पुढं केली आणि हिनं ती चाटली. आमच्या कालवडीनं जन्मात कोणाची मान चाटली नव्हती. कातडं सारखं मिळतं, वागणं कुठून आणणार? अंगणात टेंपोच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या.

"आबा, ही कुठली?"

"कुठली म्हंजी? आपलीच."

"ही आपली न्हाई."

आबा कडबा तोडत राहिले. "लई शानी होऊ नको. गप ऱ्हा."

आबा कधी खोटं बोलत नसत. बोलायची सवय नसल्यामुळं त्यांना ते नीट जमतही नव्हतं, मान लाल व्हायची. आत्या आणि मुलाची आई पुन्हा आल्या तेव्हाही त्यांची मान लाल झाली होती. आत्यांनी कालवडीच्या कुशीत मूठ दाबून बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. पोटात वासरू होतं.

"हीच का ती?" आत्यांनी विचारलं. "तवा तर लई मस्ती करत हुती."

आबांनी खाली वाकून दाव्याची गाठ आवळली. मग मुलाची आई पुढं झाली, कालवडीचं शिंग धरून बघितलं आणि म्हणाली, "हीच की. ही शिंगाची ठेवण बगा ना. गाभण राहिल्यावर समदीच शांत हुत्यात."

मी तिच्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. माझी खात्री होती. तिनं पहिल्या वेळी ती कालवड माझ्याइतकीच निरखून बघितली होती. मग ती खोटं का बोलली? आपल्या गुरांच्या बाजारात एक रीत आहे, खोड दिसली तरी लगेच बोलायचं नाही, पुढं अडवायला राखून ठेवायची. ही बाई माझ्या बापाची लबाडी पदरात बांधून नेतेय, आणि एक दिवस ती गाठ सोडणार आहे, असंच मी धरून चालले.

अशी मी लग्न होऊन त्या घरात गेले.

नवरा चांगला होता, आहे. पण पाळी आली की मी न्हाणीघरात बसून रडायचे आणि बाहेर येऊन भांडीकुंडी आपटायचे. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. गावातल्या बायका पोटाकडं बघून बोलायच्या. आत्या रोज देवाला माझ्या नावानं काहीतरी बोलायच्या, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सासू मात्र काहीच विचारायची नाही. ते मला सगळ्यांत जास्त खुपायचं. ज्या घरात सुनेला दिवस जात नाहीत तिथं सासू गप्प बसली म्हणजे तिनं मनात काहीतरी ठरवलेलं असतं.

तिचा एक भाऊ होता, नवऱ्याचे मामा. मांजरसुंब्याच्या डोंगराकडं त्यांची गुरं असायची. भाऊबीजेला आणि अधूनमधून ते यायचे. सासू त्यांना दादा म्हणायची, ते यायचे तेव्हा वाकून पाया पडायची आणि मग दोघं मागच्या भिंतीला टेकून हळू आवाजात बोलत बसायची. मी गेले की बोलणं थांबायचं. दोघंही माझ्याकडं बघत कानाची पाळी चोळायची. एकाच वेळी, एकाच हातानं. मला ते दिसत होतं. मला सगळं दिसतं म्हणून मी मोठी मिरवते ना? मी त्यातून एवढंच काढलं की ही दोघं माझ्या सोडचिठ्ठीचं ठरवताहेत.

एकदा मामांनी जाता जाता मला विचारलं, "सूनबाई, तुमच्या माहेरची जुळी कालवड कशी हाय?"

"व्याली," मी म्हटलं. "दूध देती." ते खोटंही नव्हतं. दावणीला होती ती व्याली होती. मामा गालात हसले आणि मला वाटलं, आली वेळ.

वेळ आली नाही. आले ते दिवस. कितीतरी महिने मला खरंच वाटेना. उलटी झाली तरी मी म्हणायचे, शिळं खाल्लं असेल. मग सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी दोन बोटं वर केली तेव्हा मी तिथल्या तिथं रडले. नवऱ्याला वाटलं आनंदानं. तो आनंद होताच, पण त्यात जुनी भीती अशी कालवली होती की मला स्वतःलाही ती निवडता आली नाही.

बीडच्या दवाखान्यात बाळंतपण झालं. आधी मुलगी आली, मग मुलगा. नवरा पेढे आणि जिलेबी दोन्ही आणायला गेला. खोलीत मी आणि सासू दोघीच होतो. ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं दाराकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "पोरी, एक ऐक माझं. जुळं हाय हे आजून आपल्या तिघांलाच ठावं हाय, कुणाला सांगायचं न्हाई. पोरगाच झाला म्हणून सांगू. हिला दादाच्या घरी ठिवू वरीसभर, त्येची सून जपंल. मग आणू आन वर्सानं धाकटी सांगू."

मला वाटलं, ही ती गाठ. आता सुटली.

"कालवडीवानी?" मी म्हटलं. "आणा मूठ. दाबून बघा माझ्या लेकीचं पोट. तुमाला म्हाईत हाय ना माझ्या बापानं कालवड बदलली ते? बोला की आता!"

"तुझ्या बापानं न्हाई बदलली," सासू म्हणाली. "म्या बदलली."

ती मुलीकडं बघत बोलत होती. "त्या दिशी आत्या चहा टाकून उठल्या. न्हाईच म्हणणार हुत्या. म्या म्हणलं, कालवडीवरून बगू. तेवढाच येळ मिळाला. दादाकडं तसलीच लाल कालवड गाभण हुती. त्येला म्हणलं, ती तिकडं बांध आन त्यांची हिकडं आण. तुझ्या बापाला सांगितलं, कुणी धाडली ते कुणाला बोलू नको. पोरीला बी न्हाई."

"तुमी? कावून?"

तिचा हात कानाच्या पाळीकडं गेला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी नुसतं बोट दाखवलं, आधी तिच्याकडं, मग खिडकीबाहेर, मामांच्या डोंगराच्या दिशेनं.

"व्हय," ती म्हणाली. "म्या आन दादा. मला आजोळी ठिवलं हुतं. चालायला लागल्यावर आणली आन त्येच्याहून धाकटी सांगितली. खरं बगशील तर आदी म्याच आलते. तुला न्हाई म्हणले असते तर मलाच न्हाई म्हणल्यासारखं झालं असतं."

मला कृतज्ञता वाटायला हवी होती. मला राग आला, इतका की टाके ताणले. "आन मला न्हाई सांगितलं? इतकी वर्सं मी मरत हुते! तुमाला तीन लेकरं झाली, तुमाला तर ठावं हुतं की आपल्याला काय हुत न्हाई. एकदा कानात सांगितलं असतं तर?"

"माझं बी सासर हेच हाय की," ती म्हणाली. "आत्या हायेत आजून. फसवून दिली म्हणाल्या असत्या. म्हातारपणी का होईना, म्हणाल्याच असत्या."

मी मुलाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत विचारलं, "आन आमची कालवड?"

"दादाकडंच हाय. गाय माजावर आली की तीच दावती. दादा म्हणतो, असलं जनावर कळपात एक पायजेच." मग ती हसली. मुलीनं तिचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं, ते तिनं सोडवलं नाही. मीही मुलीला मांजरसुंब्याला पाठवायला नाही म्हटलं, आणि तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

बाराव्या दिवशी बारसं झालं. वाड्यावस्तीवरच्या सगळ्या बायका आल्या होत्या. दोन पाळणे शेजारी शेजारी टांगले होते, तेव्हा लपवायला काही उरलंच नव्हतं. पुरुष बाहेर ओट्यावर बसले होते. आत्यांनी आत येऊन दोन्ही पाळण्यांत डोकावलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पोराचं ठीक हाय. पण भावासंगं जलमलेली पोर. हिच्या सोयरिकीला कोण यील पुढं?"

मी तोंड उघडलं होतं, आणि मी काय बोलले असते ते छापण्यासारखं नाही. पण सासूनं पाळण्याची दोरी सोडली.

"का न्हाई येणार?" ती म्हणाली. "माझ्या सोयरिकीला तुमीच आलता की. म्या बी भावासंगंच जलमले."

"कोण भाऊ?" आत्या म्हणाल्या. "दादा तर थोरला हाय तुझ्याहून."

सासूनं पाळण्याची दोरी पुन्हा धरली. एवढं बोलायला तिला सगळं आयुष्य लागलं होतं, पुढचं तिच्यात उरलं नव्हतं. मला वाटलं, आता ही हसून म्हणेल, थट्टा केली.

ओट्यावरून मामा उठले. बायकांच्या घोळक्यात पुरुषानं यायचं नसतं, पण ते फेटा काखेत धरून आत आले. बायकांनी वाट करून दिली. ते सासूसमोर उभे राहिले आणि खाली वाकले. सगळ्या गावादेखत त्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

"ही माझ्या आदी आली," ते म्हणाले.

आत्या तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. सासूनं आधी पाय मागं घेतले, चटका बसल्यासारखे. मग ती थांबली, आणि इतकी वर्षं ज्याच्या पाया पडली त्या भावाच्या उघड्या, पिकलेल्या डोक्यावर तिनं हात ठेवला.

"लई येळ लावलास रं," ती म्हणाली.